खराब चित्राची किंमत

जलरंगात काम करणारा चित्रकार भेटला की लोक हमखास विचारतात, "हे सगळं सुचतं कसं?" कागद कुठला वापरता आणि तो परवडतो कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. रोज सुचण्याचा आणि रोज परवडण्याचा संबंध वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर रविवारी सकाळी बसणाऱ्या दोन चित्रकारांचा वाद ऐकला की तो नीट कळतो.

त्यांपैकी एक निवृत्त चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या निम्म्या गावाचे ते सर. दुसरी त्यांचीच माजी विद्यार्थिनी. नोकरी न करता चित्रांवर घर चालवते, आठवड्यातून दोनदा मुलांचा क्लास घेते, म्हणून मुलांची ताई. दोघं शेजारी-शेजारी बसतात, समोरची तीच देवळं, तोच शिवाजी पूल रंगवतात आणि एकमेकांचं एकही मत मान्य करत नाहीत.

सरांच्या बोर्डावर कार्ट्रिजचा, म्हणजे चित्रकलेचा साधा स्वस्त कागद असतो. तोही पाठकोरा. एका बाजूला मागच्या महिन्यातलं फसलेलं चित्र, दुसऱ्या बाजूला आजचं. ताईकडे शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएमचा आयात केलेला कागद. एका पूर्ण शीटला, म्हणजे बावीस बाय तीस इंचाला, काही शे रुपये पडतात.

"एवढ्या पैशात माझं वर्ष निघतं," सर म्हणतात.

"आणि वर्षाच्या शेवटी हातात काय राहतं, सर? रद्दी."

"रद्दीच करायची असते पोरी. शंभर केल्यावर चार बरी होतात. तुझ्या त्या कागदावर हात उचलायलाच तू घाबरतीस. मघापासून बघतोय, पाणी नुसतं ढवळत बसलीयस."

यात तथ्य आहे, आणि ताईलाही ते ठाऊक आहे. महाग कागद समोर असला की चित्रकार जपून वागतो. आधी पेन्सिलनं सगळं पक्कं करतो, मग हळूच पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकतो. जलरंगाला हे जपणं मानवत नाही. ओल्यात ओला रंग सोडायचा तर धाडसानं सोडावा लागतो. तो वाळायच्या आत पुढचा निर्णय घ्यावा लागतो आणि निर्णय चुकला तर चुकला. वाया गेलेलं चित्र जितकं स्वस्त, तितकं रोज बसणं सोपं, असं सरांचं गणित आहे.

ताईचं गणित वेगळं. कार्ट्रिजवर दुसरा वॉश दिला की खालचा उचलला जातो, कागद फुगतो, मधे तळी साचतात. "कागदाच्या चुका मी माझ्या समजून पाच वर्षं रडत होते," ती म्हणते. "आकाश सपाट येत नाही म्हणजे आपला हात वाईट, असं वाटायचं. चांगल्या कागदावर पहिल्यांदा वॉश टाकला तेव्हा कळलं, हात बरा होता."

यावर सर मुळीच ओशाळत नाहीत. शाळेत त्यांनी तिला कार्ट्रिजच दिला होता, कारण शाळेकडे तोच होता.

कापसाच्या कागदाचा आणखी एक फायदा ताईनं एकदा तिथेच करून दाखवला. फसलेलं चित्र नळाखाली धरलं आणि मऊ स्पंजनं पुसलं. अल्ट्रामरीन लगेच सुटला, बर्न्ट सिएनाही बराचसा गेला. थॅलो निळा तेवढा डागासारखा चिकटून राहिला, तो कागदाच्या तंतूत शिरतो. पाच मिनिटांत फिकट करडी पाटी तयार. वाळल्यावर त्याच करड्या छटेवर तिनं ढगाळ सकाळ रंगवली. कार्ट्रिजवर हे करायला गेलं तर कागदाचे बोळे हातात येतात. म्हणजे महाग कागद दोनदा, कधी तीनदा वापरता येतो. शिवाय ती पूर्ण शीट कापून साडेसात बाय अकराचे आठ तुकडे करते, त्यामुळे एक बिघडलं तरी नुकसान आठव्या हिश्शाचं.

"मग मोठं कधी करणार?" सर विचारतात. "सगळं आयुष्य पोस्टकार्डावर काढणार काय?"

मधला रस्ता म्हणून हातकागदाचं नाव निघतं. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. कापडाच्या चिंध्यांपासून तिथे कागद तयार होतो, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. सरांना तो खरबरीत पोत फार आवडतो, खडकाळ घाटाला तो शोभतो म्हणतात. ताईची तक्रार सायझिंगची. कागद पाणी किती पिईल हे ठरवणारा लेप सगळ्या शीटांवर सारखा बसलेला नसला, की एका ठिकाणी रंग तरंगतो आणि वीतभर अंतरावर टिपकागदासारखा आत जातो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर चांगल्या कागदाचंही सायझिंग दमटपणानं मरतं. मरतं म्हणजे काय, तर वरून कागद धडधाकट दिसतो, पण ओला ब्रश टेकवला की आकाशात बारीक गडद ठिपके उमटतात आणि ते काही केल्या जात नाहीत. म्हणून जून ते सप्टेंबर ताईचे कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतात. सरांचे कपाटावर. ठिपके आले तर सर त्यांचे बगळे करतात.

विषयांच्या बाबतीत सरांचं दैवत आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून हा माणूस कोल्हापूरला परतला आणि कोटितीर्थ, रंकाळा तलाव, त्यातला संध्यामठ हेच पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. १९३१ साली गेला. एकाच तळ्याच्या काठावर प्रकाश बदलतो तसं चित्र बदलतं, हे त्यानं इथल्या इथे राहून ओळखलं. "त्यांना काय हिमालयात जावं लागलं?" सर विचारतात. "उन्हाळ्यात रंकाळ्याचं पाणी उतरतं तेव्हा संध्यामठ पायापर्यंत दिसतो. पावसाळ्यात बुडतो. एवढं बघायला एक वर्ष लागतं, रंगवायला दहा."

ताईला आबालाल आवडतात, पण हा दाखला ती सहजासहजी पचू देत नाही. "त्यांच्या पाठीशी शाहू महाराज होते, सर. दरबारी चित्रकार म्हणून नेमलं होतं त्यांना. माझ्या पाठीशी कुठला दरबार आहे?"

"मग हळदणकर घे."

सावळाराम हळदणकरांचं नाव निघालं की कोल्हापुरात जरा आपलेपणानं बोललं जातं. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रसंस्था काढली आणि शिकवता शिकवता आयुष्यभर चित्रं केली. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जगप्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजून बघतात आणि परततात. ते १९४५-४६ च्या सुमाराचं जलरंगातलं चित्र आहे आणि त्यासाठी उभी राहिली ती हळदणकरांची मुलगी गीता. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या आणि २०१८ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, कोल्हापुरातच वारल्या.

"घरातली मुलगी, हातात दिवाळीचा दिवा," सर सांगतात. "विषय शोधायला उंबरा ओलांडावा लागला नाही."

"आणि बोटांमधून येणारा तो लाल उजेड?" ताई म्हणते. "कागदाचा पांढरा राखून, एकावर एक पातळ थर देऊन येतो तो. खाली एक थर चुकला तर वरून झाकता येत नाही. असं चित्र पाठकोऱ्या कार्ट्रिजवर होतं का?"

इथे गुण ताईला. मात्र हळदणकरांच्या उदाहरणातली दुसरी गोष्ट दोघंही पटकन ओलांडून जातात, ती म्हणजे शिकवण्याची. सरांचा पाठकोरा कागद आणि त्यांची बेफिकिरी हे सगळं एका सरकारमान्य पगारावर आणि आता निवृत्तिवेतनावर उभं आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे परीक्षेचे तास घेऊन घरी आल्यावर त्यांना चित्र विकायची गरज नव्हती. न विकण्याचं स्वातंत्र्य फार मोठं असतं, आणि ते त्यांना महिन्याच्या एक तारखेला मिळत होतं. आज ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, झालेल्या मुलांना तशी नेमणूक मिळेलच असं नाही. ताईनं वाट बघितली, मग सोडून दिली.

तिची कमाई तीन ठिकाणांहून येते. मुलांचे क्लास. सुट्टीतल्या कार्यशाळा, ज्यात बहुतेक मोठी माणसंच असतात आणि त्यांतल्या निम्म्यांच्या पिशवीत मिलिंद मुळीकांचं, ज्योत्स्ना प्रकाशनाचं एखादं पुस्तक असतं. (पुण्याचे मुळीक शिक्षणानं इंजिनिअर. चित्र आणि पोट यांची सांगड पुस्तकांतूनही घालता येते, हे त्यांच्याकडे बघून पुष्कळांनी ओळखलं.) तिसरं काम म्हणजे घरांची चित्रं. वाडा पाडून अपार्टमेंट व्हायची असते, भावाभावांची सही झालेली असते आणि मग कुणाला तरी वाटतं, पाडायच्या आधी एक चित्र हवं. व्हॉट्सॲपवर फोटो येतात. "स्कूटर काढून टाका, तुळस ठेवा. वरची डिश अँटेना नको. आणि दारात आजी बसलेली दाखवा." आजीचा फोटो वेगळा, लग्नातला, शालूतला. ताई तिला रोजच्या नऊवारीत बसवते.

"फोटोवरून करायचं म्हणजे नक्कल," सर म्हणतात.

"फोटोत उन्हाची सावली काळी येते, सर. मी ती निळसर जांभळी करते. ती कुठून आली? या घाटावरून आली. रविवारी इथे बसते म्हणून सोमवारी ते वाडे जमतात."

यावर सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मग मला सांग, रविवारचं फुकट आणि सोमवारचं पैशाचं. रविवारसाठी तरी माझा कागद वापर."

सूचना वाईट नाही. ताईनं ती नाकारली. सरावाच्या कागदावर एक हात आणि विकायच्या कागदावर दुसरा हात, असं करणाऱ्यांचे सोमवार बिघडतात, असं तिचं म्हणणं. पाणी किती घ्यायचं हा अंदाज कागदागणिक बदलतो, आणि जलरंगाचं निम्मं कौशल्य त्या अंदाजातच असतं.

रंगांच्या टिकण्यावर वाद होतो तेव्हा मात्र सरांची बाजू लंगडी पडते. त्यांच्या घरी भिंतीवर रंकाळ्याचं एक जुनं चित्र आहे. त्यात आकाश गुलाबी होतं. वापरला होता ॲलिझरिन क्रिमसन, उजेडात विटणारा म्हणून बदनाम झालेला रंग. जलरंग उजेडात फिके पडतात, कुठले किती पडतात, याचा शास्त्रशुद्ध तपास रसेल आणि ॲब्नी या दोघांनी इंग्लंडमध्ये केला होता आणि त्यांचा अहवाल १८८८ मध्येच प्रसिद्ध झाला. तरीही असे रंग ट्यूबांतून विकले जात राहिले, कारण ते ओले असताना फार सुंदर दिसतात. सरांच्या चित्रातली गुलाबी आता गेली. निळा आणि पिवळट करडा उरला.

"संध्याकाळ होती, आता सकाळ झालीय," सर म्हणतात. "बिघडलं काय?"

"तुमच्या भिंतीवर काही बिघडलं नाही. माझ्या गिऱ्हाइकाची आजी अशी दहा वर्षांत पांढरी पडली तर?"

ताई ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक बघितल्याशिवाय रंग घेत नाही. नाव काहीही छापलेलं असो, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन आणि पीआर ८३ म्हणजे तोच विटणारा ॲलिझरिन. हा क्रमांक वाचायला शिकलं की चोवीस रंगांची पेटी लागत नाही. ती सात-आठ रंगांवर काम करते. घाटाचा भिजलेला काळा दगड अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनातून येतो. निळा जरा जास्त ठेवला तर सावलीतली पायरी, तांबडा जास्त ठेवला तर ऊन खाल्लेली. काळ्या रंगाची ट्यूब दोघांच्याही पेटीत नाही. एवढ्या एका गोष्टीवर गुरू-शिष्येचं एकमत आहे.

पर्यावरणाचा विषय ब्रशपासून सुरू झाला. सरांच्या डब्यात एक जुना ब्रश आहे, मुंगसाच्या केसांचा. टोक अजून सुईसारखं.

"सर, हा बाहेर काढत जाऊ नका. गुन्हा आहे." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे आणि त्याच्या केसांच्या ब्रशांचा व्यापार बेकायदा आहे. तरीही असे ब्रश पकडल्याच्या बातम्या येत असतात. एका मुंगसाच्या अंगावर ब्रशाच्या कामाचे केस मोजकेच निघतात, त्यामुळे डबाभर ब्रशांमागे किती प्राणी गेले असतील याचा हिशोब नकोसा होतो.

"मी घेतला तेव्हा दुकानात उघड मिळायचा. आणि तुझं नायलॉन काय झाडाला लागतं? प्लास्टिकच ते. पाणीही धरत नाही."

"धरत नाही, म्हणून दोनदा बुडवते."

मग घाटावरच्या पाण्याचा मुद्दा. सर नदीतून डबी भरतात आणि जाताना तिथेच ओततात. ताई बाटलीतून पाणी आणते, गढूळ झालेलं परत बाटलीत भरून घरी नेते, रात्रभर स्थिर ठेवते आणि तळाशी बसलेला गाळ कागदानं टिपून कचऱ्यात टाकते. ब्रश पाण्यात बुडवायच्या आधी चिंधीला पुसते, म्हणजे पाण्यात रंग मुळातच कमी जातो. कॅडमियमचा पिवळा आणि कोबाल्टचा निळा नदीत नको, एवढंच तिचं मागणं. सर हसून पुलाकडे बोट दाखवतात. गावोगावचं सांडपाणी ज्या नदीत जातं, तिथे आपल्या डबीभर पाण्याचं काय घेऊन बसलीस, असा त्यांचा सवाल.

प्रमाण बघितलं तर सर बरोबर आहेत. पण "माझ्यानं काय होणार" हे उत्तर नदीकाठचा प्रत्येक जणच देत असतो, आणि एकेकाळी चाळीस मुलांना घाटावर आणणाऱ्या शिक्षकानं ते देऊ नये. निसर्गाच्या दृष्टीनं जलरंगाची खरी जमेची बाजू मात्र दोघांच्या बोलण्यात अगदी शेवटी येते. या रंगात बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक असतो. पॅलेटवर वाळलेला रंग महिन्यानंतरही थेंबभर पाण्यानं जागा होतो. ॲक्रिलिक एकदा वाळला की प्लास्टिक, खरवडून फेकायचं. तैलरंगाला टर्पेंटाइन लागतं. सरांच्या पत्र्याच्या पॅलेटच्या कोपऱ्यात यलो ऑकरचा एक खडा आहे, तो कधी पिळला होता हे त्यांना आठवत नाही. ते त्यावर ओला ब्रश फिरवतात आणि भिंतीवरचं ऊन रंगवतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. नदीकडच्या पेठांमधली कित्येक घरं पाण्यात होती, त्यात सरांचंही तळमजल्याचं घर. पत्र्याच्या दोन पेट्या चित्रांनी भरलेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर उघडल्या तर कार्ट्रिजवरच्या चित्रांचा एकसंध लगदा झालेला, पानं सुटी होईनात. मधेमधे हातकागदावर केलेली जी थोडी होती ती निघाली. रंग वाहून गेलेले, कडांना चिखलाची रेघ, पण कागद शाबूत.

ताईला वाटलं, आता तरी सर मान्य करतील. सर म्हणाले, "बरं झालं. घरचे म्हणायचेच, घरात जागा नाही."

त्यानंतर वाद संपायला हवा होता, पण त्याचं रूप बदललं एवढंच. पुरातून वाचलेली आणि नंतर केलेली चित्रं मिळून पुन्हा एक पेटी भरली आहे. ताई म्हणते, ती वरच्या मजल्यावर न्या, सगळी स्कॅन करून देते, निवडक घाटांचे प्रिंट काढू, विकले जातील. सरांना प्रिंटचा प्रस्ताव चालतो, पण सगळी स्कॅन करायला त्यांचा विरोध आहे. आधी निम्मी फेकायची, मग उरलेली यंत्रात घालायची.

मागच्या रविवारी दोघांनी पेटी घाटावरच आणली आणि निवड सुरू केली. सरांनी बाजूला काढलेलं पहिलंच चित्र ताईनं परत पेटीत ठेवलं. पावसातला पूल होता, पाठकोऱ्या, सायझिंग मेलेल्या कागदावरचा, आकाशभर ठिपके पडलेला.

"हे फसलंय," सर म्हणाले.

"यावर पाऊस पडतोय, सर. असा पाऊस माझ्या कागदावर कधी पडला नाही. हे प्रिंटमध्ये पहिलं."

"पाठीमागं दुसरं चित्र आहे त्याच्या. ते चांगलंय. तेच लावू."

"एका कागदाची एकच बाजू फ्रेममध्ये येते. कुठली ते ठरवा."

सरांनी कागद उलटा केला, सुलटा केला, आणि दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या किमती सांगितल्या.